चेरीच्या बहराखालीं तीन ओळी

आपल्याकडे काव्याच्या चढाओढी नव्या नाहींत. संस्थानी दरबारांत समस्यापूर्ति होत असे. एक चरण द्यावयाचा आणि उरलेले तीन कवीनें तेथल्या तेथें रचावयाचे, असा तो खेळ. गणेशोत्सवांतील मेळ्यांच्या पदांवरून तर एके काळीं पेठापेठांत ईर्षा चाले. परंतु झाडांना बहर आला म्हणून एखाद्या शहरानें साऱ्या जगाला ‘या बहरावर तीन ओळी लिहून पाठवा’ असें आमंत्रण द्यावें, ही गोष्ट वयाची सत्तरी उलटेपर्यंत माझ्या कानीं आली नव्हती. ती कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर शहरांत ऐकावयास मिळाली, आणि ऐकविणारी होती माझी अकरा वर्षांची नात मुक्ता. त्या निमित्तानें माझी जी थोडी फजिती झाली, ती वाचकांपासून लपविण्याचें कारण नाहीं. प्रवासवर्णनांतून लेखकाची फजिती वगळली, तर पुष्कळदां आगगाडीचें वेळापत्रकच तेवढें शिल्लक राहतें.

सन २०१९ च्या मार्चअखेरीस आम्ही उभयतां चिरंजीवांकडे गेलों. निघतांना थोरल्या वहिनींनीं मेतकुटाचा डबा, सांडगे आणि गुढीसाठीं साखरेची गांठी बरोबर बांधून दिली होती. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हां तेथें सकाळचे सात वाजलेले असतात. त्यामुळें पहिले चार दिवस झोप आणि भूक या दोघींचें एकमत होईना. पांचव्या दिवशीं मात्र मी ताजातवाना होऊन चिरंजीवांबरोबर शहरांत गेलों.

बरार्ड नांवाच्या स्टेशनाबाहेर आलों आणि जिन्याच्या तोंडाशींच थबकलों. मोटरमनावांचून धांवणाऱ्या गाडींतून उतरलेलीं माणसें कचेऱ्यांकडे लगबगीनें जात होतीं. पण वरच्या अंगणांत पाऊल टाकतांच त्यांची चाल मंद होई. तेथें चेरीचीं झाडें एकमेकांत फांद्या गुंतवून उभीं होतीं, आणि त्यांवर पान म्हणून दिसत नव्हतें. फिकट गुलाबी फुलांचें नुसतें छत. आपल्याकडे फाल्गुनांत पळस असाच निष्पर्ण फुलतो. पण पळसाचें फुलणें वणव्यासारखें, तर हें दुधावर आलेल्या सायीसारखें. चिरंजीवांनीं सांगितलें, ही ‘आकेबोनो’ जात. आकेबोनो म्हणजे पहाट. हिचा बहर ओसरतो तेव्हां ‘कान्झान’ नांवाची दाट पाकळ्यांची गडद गुलाबी जात फुलूं लागते. शहरांत चेरीचीं चाळीस हजारांहून अधिक झाडें आहेत. मात्र एकेका झाडाचा बहर आठदहा दिवसांचाच. एक जोराचा पाऊस आला कीं संपला.

या बहराचा उत्सव तेथें दरवर्षीं होत आला आहे, आणि सन २००६ पासून त्याला हायकूच्या आमंत्रणाची जोड मिळाली आहे. कविता इंग्रजींत असावी, विषय चेरीचा बहर असावा, एकानें फार तर दोन पाठवाव्या. प्रवेशशुल्क कांहीं नाहीं. शहरासाठीं, प्रांतासाठीं, देशासाठीं, अमेरिकेसाठीं आणि उरलेल्या जगासाठीं निरनिराळे विभाग; मुलांसाठीं आणखी एक. मुक्ताच्या शाळेंत त्याची माहिती सांगितली होती. आम्ही पोंचलों त्या दिवसापासून तिच्या दप्तरांत एक निळी वही होती आणि ती कोणाला दाखवीत नव्हती.

ज्यांना हायकूचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. जपानांत अनेक कवींनीं एकत्र बसून गुंफावयाची ‘रेंगा’ नांवाची सांखळीकविता होती. तिच्या पहिल्या तुकड्यांत चालू ऋतूचा निर्देश हवाच, असा दंडक असे. हाच तुकडा पुढें स्वतंत्रपणें लिहिला जाऊं लागला. बाशो (१६४४–१६९४) यानें त्याला खोली दिली. बुसोन आणि इस्सा यांनीं तो आपापल्या वृत्तीनें वाढविला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी यानें ‘हायकू’ हें नांव रूढ केलें. क्षयानें अंथरुणास खिळलेला शिकी पस्तिशी न गांठतांच १९०२ सालीं वारला. पण शेवटपर्यंत त्याचें लिहिणें थांबलें नाहीं. पांच, सात, पांच अशी सतरा ध्वनींची मांडणी आणि एक ऋतुशब्द, एवढाच या कवितेचा संसार. बेडूक म्हटला कीं वसंत, चंद्र म्हटला कीं शरद, असे संकेत ठरलेले असतात आणि त्यांचे कोशही असतात. आपल्याला हें परकें वाटण्याचें कारण नाहीं. नुसतें ‘कैरीची डाळ’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें चैत्रगौर उभी राहते. आणि कालिदासानें तर ऋतूंवर अवघें काव्यच लिहिलें. फरक एवढाच कीं आपला कवि ऋतूला अलंकार चढवितो, तर हायकूकार ऋतूच्या वाटेंतून बाजूला होतो. आपल्या भाषेंत शिरीष पै (१९२९–२०१७) यांनीं हायकू आणला आणि रुजविला, हें वाचकांना ठाऊक असेलच.

इंग्रजींत हायकूची खरी जोपासना झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्लाइथ या इंग्रज पंडिताचे चार खंड १९४९ ते १९५२ या काळांत निघाले, १९६८ सालीं अमेरिकेंत व १९७७ सालीं कॅनडांत हायकूकारांच्या संस्था स्थापन झाल्या. जपानांतील एका चहाच्या कंपनीनें १९८९ पासून हायकूची स्पर्धा चालविली आणि निवडलेल्या कविता चहाच्या बाटल्यांवर छापल्या. त्या स्पर्धेंतही इंग्रजीला जागा मिळाली. मात्र सतराच्या हिशेबाची इंग्रजींत अडचण होते. जपानी ध्वनि आपल्या मात्रेच्या जवळचा, तर इंग्रजी अक्षर त्याहून जड. सतरा इंग्रजी अक्षरांत मूळ हायकूहून बराच अधिक मजकूर मावतो. म्हणून आज बहुतेक इंग्रजी हायकूकार सतराचा हट्ट धरीत नाहींत. हें ज्ञान मला पुढें झालें. आधीं झालें असतें, तर पुढची फजिती टळली असती.

सहा एप्रिलला गुढीपाडवा आला. सौभाग्यवतींना कडुनिंबाचा डहाळा हवा होता. सूनबाईंनीं दोन दुकानें पालथीं घातलीं. वाळलेला पाला मिळाला, ताजा डहाळा मिळाला नाहीं. मुक्ता म्हणाली, “आजी, चेरीची फांदी लावूं या?” पण रस्त्यावरील झाडाची फांदी तोडणें तेथें गैर समजतात. मग नातीनें घराखालच्या झाडाच्या पडलेल्या पाकळ्या ओंजळभर वेंचून आणल्या आणि सुईदोऱ्यानें त्यांची माळ ओवूं लागली. पाकळ्या इतक्या नाजूक कीं अर्ध्या फाटल्या. उरल्या तेवढ्यांची वीतभर माळ गुढीला बांधली. सौभाग्यवतींनीं नमस्कार केला आणि सवयीनें त्यांचा हात गुढीच्या टोंकाशीं निंब चांचपण्यासाठीं वर गेला. मीं हें पाहिलें नव्हतें. मुक्तानें पाहिलें.

त्या रात्रीं तिनें वही माझ्यापुढें धरली. पुण्याच्या एका शाळेंत मीं चौतीस वर्षें इंग्रजी शिकविलें असल्यामुळें, घरांतील कोणाचेंही इंग्रजी तपासण्याचा अधिकार मला जन्मसिद्ध आहे, अशी माझी समजूत होती. तिच्या तीन इंग्रजी ओळींचा अर्थ असा होता:

गुढीला माळ
पडलेल्या पाकळ्यांची,
आजी निंब शोधते

मीं बोटांवर अक्षरें मोजलीं; सतरा भरेनात. ‘पाकळ्या’ हा शब्द मला उघडाबोडका वाटला, म्हणून ‘गुलाबी अश्रू’ केलें. आजी आणि निंब परदेशी वाचकांस कळणार नाहींत, म्हणून तीं दोन्हीं काढून ‘निसर्गदेवतेचा विरह’ घातला. सतरा अक्षरें बरोबर भरलीं. शाळेंतल्या शिरस्त्याप्रमाणें खालीं सहीही केली. मुक्तानें वाचलें, “छान आहे, आजोबा,” म्हटलें, आणि वही मिटली. तें ‘छान’ कोणत्या जातीचें होतें, तें चौतीस वर्षें मुलांमध्यें काढलेल्या माणसानें ओळखावयास हवें होतें.

पुढच्या रविवारीं सूनबाईंच्या ओळखीच्या मंडळींनीं वॅनड्यूसेन उद्यानांत हायकूफेरी योजिली होती. हें उद्यान सुमारें ५५ एकरांचें असून १९७५ सालीं लोकांसाठीं खुलें झालें. आम्ही बाराजण होतों. तासभर कोणीं कोणाशीं बोलावयाचें नाहीं, फक्त हिंडावयाचें आणि पाहावयाचें. नंतर एका लांकडी मंडपांत जपानी पद्धतीची बैठक झाली. ती पद्धत मला फार आवडली. प्रत्येकानें आपली कविता निनांवी चिठ्ठीवर लिहून मध्यें टाकावयाची. चिठ्ठ्या मिसळून दुसऱ्यांनीं त्या उतरून काढावयाच्या, म्हणजे हस्ताक्षरावरून कवि ओळखूं येऊं नये. मग प्रत्येकानें आवडलेल्या दोन निवडावयाच्या. कविता कोणाची हें अगदीं शेवटीं उघड होतें. थोरामोठ्यांच्या नांवाकडे पाहून मान डोलावण्याची सोयच ठेवलेली नाहीं. आपल्या कविसंमेलनांनीं एकदां हा प्रयोग करून पाहावा, असें सुचवावेसें वाटतें. परिणामाची जबाबदारी मात्र माझ्याकडे नाहीं.

मुक्तानें मीं सुधारलेली कविताच चिठ्ठीवर लिहिली होती. तिला एकही मत पडलें नाहीं. बैठक चालविणारे गृहस्थ स्वभावानें फार सौम्य होते. ते ती चिठ्ठी पुन्हा वाचून म्हणाले, “या तीन ओळींत दोन माणसें बोलत आहेत. एकानें कांहींतरी पाहिलें आहे, दुसऱ्यानें तें झांकलें आहे. पाहिलें कोणीं तें मला ऐकावयास आवडेल.” कवि कोण असें विचारतांच मुक्तानें हात वर केला आणि माझ्याकडे न पाहतां मान खालीं घातली. दोष सारा माझा असूनही ती एका शब्दानें तसें बोलली नाहीं. मला त्या क्षणीं जी शरम वाटली, ती कोणत्याही वरिष्ठानें केलेल्या कानउघाडणीनें कधीं वाटली नव्हती.

सर्वांत अधिक मतें ज्या चिठ्ठीला मिळालीं ती जपानी वंशाच्या एका वृद्ध बाईंची होती. वय ऐंशीच्या पुढें, हातांत काठी, आणि इंग्रजी अगदीं तेथल्या मातींतलें, कारण जन्म तेथलाच. त्यांच्या ओळींचा भाव असा:

कुलूप लावतांना
आई वळून झाडाकडे पाहते,
कळ्या अजून मिटलेल्या

कोणीं कांहीं विचारलें नाहीं. त्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं ही आठवण १९४२ सालची आहे. दारापुढें वडिलांनीं लावलेलें चेरीचें झाड होतें. बहर यावयास आठवडा उरला असतांना घर सोडण्याचा हुकूम आला. त्या म्हणाल्या, “पुढें कित्येक वर्षांनीं मी परत आलें. घर दुसऱ्याचें झालें होतें, आणि झाड नव्हतें.” एवढेंच सांगून त्यांनीं चहाचा पेला उचलला.

घरीं येऊन मीं चिरंजीवांकडून ती हकीकत समजून घेतली. जपाननें डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर कॅनडाच्या सरकारनें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या एकवीस हजारांहून अधिक लोकांना घराबाहेर काढलें. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. पुष्कळांना प्रथम हेस्टिंग्ज पार्कमधील गुरांच्या गोठ्यांत ठेवलें, आणि मग डोंगरांतल्या छावण्यांत धाडलें. त्यांचीं घरें, शेतें, मासेमारीच्या होड्या सरकारनें विकून टाकल्या. लढाई संपल्यावरही किनाऱ्यावर परतण्याची मुभा १ एप्रिल १९४९ पर्यंत मिळाली नाहीं. अमेरिकेंतही असेंच घडलें. तेथील छावण्यांत कांटेरी तारेआड बसून लोकांनीं हायकू लिहिले, आणि पुढें ते ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या दिवशीं मी मुक्ताला घेऊन स्टॅन्ली पार्कमध्यें गेलों. हजार एकरांचें हें अरण्यवजा उद्यान १८८८ सालीं खुलें झालें. तेथें झाडींत चुनखडीच्या दगडाचा एक उंच स्तंभ असून त्याच्या माथ्यावर दगडी कंदील आहे. पहिल्या महायुद्धांत कॅनडाच्या सैन्यांतून लढलेल्या जपानी वंशाच्या सैनिकांचें हें स्मारक १९२० सालीं उभारलें गेलें. ज्या प्रांतांत ते राहत होते त्यानें त्यांना सैन्यांत घेतलें नाहीं, म्हणून शेजारच्या आल्बर्टा प्रांतांत जाऊन ते भरती झाले होते! १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत कोबे आणि योकोहामा या शहरांच्या महापौरांनीं याच स्मारकासाठीं चेरीचीं पांचशें झाडें भेट पाठविलीं. शहरांतील चेरीच्या वैभवाचा आरंभ सांगतांना या भेटीचा उल्लेख हमखास होतो. आणि १९४२ सालीं त्या स्मारकावरील दिवा विझविला गेला.

“कोणीं विझविला?” मुक्तानें विचारलें.

“सरकारनें.”

“पण ते सैनिक तर यांच्याच बाजूनें लढले होते ना?”

मी उत्तर देऊं शकलों नाहीं. पुढचें तेवढें सांगितलें. दिवा त्रेचाळीस वर्षें विझलेलाच राहिला. १९८५ सालीं तो पुन्हा लावला गेला, आणि त्यासाठीं बोलाविलें होतें मासुमी मित्सुई यांना. ते त्या सैनिकांपैकीं हयात असलेल्या अखेरच्यांपैकीं एक. वयाची नव्वदी ओलांडलेले. पहिल्या युद्धांत शौर्याचें पदक मिळविलेल्या या गृहस्थांचें कोंबड्यांचें शेत १९४२ सालीं हिरावून घेतलें होतें. तरीही ते आले, आणि त्यांनीं दिवा लावला. तीन वर्षांनीं, १९८८ सालीं, कॅनडाच्या पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत या अन्यायाबद्दल माफी मागितली. दुर्दैवानें मित्सुई १९८७ सालींच निवर्तले होते.

परततांना बंदराच्या कडेनें चालत आलों. तेथें आणखी एक स्मारक आहे, आणि तें आपल्या लोकांचें. १९१४ सालच्या मे महिन्यांत ‘कोमागाता मारू’ हें जहाज ३७६ हिंदी उतारू घेऊन याच खाडींत नांगरलें होतें. जहाज जपानी, उतारू बहुतेक पंजाबी शीख. दोन महिने त्यांना किनारा दिसत होता. पण पाय ठेवूं दिला तो मोजक्यांनाच. उरलेल्यांना परत धाडलें. आणि कलकत्त्याजवळ बजबज येथें उतरतांना झालेल्या गोळीबारांत कित्येक मारले गेले. त्याबद्दल कॅनडाच्या पार्लमेंटांत माफी मागितली गेली ती २०१६ सालीं. आज त्याच शहरांत माझ्या मुलाचें घर आहे, आणि तेथें आम्हीं गुढी उभारली होती. भिंतीवर कोरलेलीं तीं नांवें वाचतांना मला गुढी आणि ती पाकळ्यांची माळ आठवली. ज्या मातींत आपल्याला उतरूं दिलें नव्हतें, तेथें माझी बायको निंब शोधीत होती. मुलीनें तीन ओळींत नेमकें हेंच टिपलें होतें, आणि मीं त्यावर ‘निसर्गदेवतेचा विरह’ फांसला होता.

बांकावर बसून मीं मुक्ताला म्हटलें, “तुझी पहिली कविता खोडली ही माझी चूक झाली. ती तशीच पाठीव.”

“पण सतरा होत नाहींत.”

“नसूं देत.”

“आणि निंब कोणाला कळणार?”

“ज्याला कळणार नाहीं, तो विचारील.”

तिनें दप्तरांतून वही काढली. माझ्या दुरुस्त्यांखालीं तिच्या मूळच्या ओळी पेन्सिलीनें पुन्हा लिहिलेल्या होत्या. तारीख सात एप्रिल. माझ्या परवानगीसाठीं ती थांबली नव्हती. फक्त माझें मन मोडावयाचें नाहीं म्हणून गप्प राहिली होती. एकत्र कुटुंबांत आपण ज्याला मर्यादा म्हणतों, ती या परदेशांत वाढलेल्या पोरीनें अशी पाळली होती, आणि मी मात्र तिला भाषा शिकवावयास निघालों होतों.

राहिला प्रश्न सौभाग्यवतींचा. त्यांना इंग्रजी येत नाहीं, आणि कविता तर त्यांच्यावरच होती. त्या रात्रीं जेवणानंतर मुक्तानें ती त्यांना मराठींत सांगितली. लिंगवचनाच्या दोन चुका झाल्या, पण मीं ओठ घट्ट मिटून घेतले. सौभाग्यवती जरा वेळ बोलल्या नाहींत. मग नातीच्या केसांवरून हात फिरवीत म्हणाल्या, “निंब मिळाला नाहीं म्हणून कांहीं अडलें नाहीं ग. पण तूं पाहिलेंस, हें बरें झालें. मला वाटलें, कोणाचें लक्ष नाहीं.”

त्या शेवटच्या वाक्यानें मी अंमळ चपापलों, कारण तें नातीला उद्देशून असलें तरी सारें तिच्यासाठींच होतें असें नाहीं.

कविता मे महिन्यांत रवाना झाली. आम्ही पावसाळ्याच्या तोंडाशीं पुण्यास परतलों. निवडलेल्या कवितांची यादी पुढें लागली. तींत मुक्ताचें नांव नव्हतें. मला वाटलें, मुलगी हिरमुसली असेल, म्हणून समजुतीचे चार शब्द जुळवून मीं फोन केला. तिनें ते ऐकून घेतले आणि विचारलें, “आजोबा, तुमच्याकडे आतां कोणतें फूल पडतें?”

मीं सांगितलें, “प्राजक्त. रोज पहाटे अंगणभर.”

“मग त्यावर तीन ओळी लिहा. मराठींत. मी वाचीन. सतरा नसल्या तरी चालतील.”

त्या दिवसापासून पहाटे मी अंगणांत जाऊन बसतों. थोरल्या वहिनी देवासाठीं परडींत फुलें वेंचीत असतात. पहिले आठ दिवस माझ्या ओळींत ‘केशरी देंठांचे मोतीं’ आणि ‘स्वर्गींचें दान’ असलींच कांहींबाहीं येत होतीं. नवव्या दिवशीं लक्षांत आलें कीं वहिनी वाकतांना डावा हात गुडघ्यावर ठेवतात, आणि ओट्याच्या पलीकडचीं फुलें आतां वेंचीत नाहींत. तेथवर त्यांचा हात पोंचत नाहीं. किती दिवसांपासून असें चाललें आहे, तें मला सांगतां आलें नसतें. मीं वही मिटली, उठून पलीकडचीं फुलें वेंचलीं आणि त्यांच्या परडींत टाकलीं. तीन ओळी अजून व्हावयाच्या आहेत. झाल्या म्हणजे आधीं मुक्ताकडे तपासावयास पाठवीन.